दोन रेड्यांचे काय?

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत केळझर लागते. गावालगतच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. आमच्या गावाची दुसरी मिरास म्हणजे बकासुराची कथा. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी इथल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. हा मान सांगणारी गावे भारतात आणखीही आहेत. त्या वादात मला पडावयाचे नाही. ज्या गावाने एखादी गोष्ट इतकी वर्षे आपली म्हणून सांगितली, त्या गावातल्या माणसाने ती कधीतरी नीट विचार करून वाचावी, एवढेच माझे म्हणणे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. नगरीने बकासुराशी करार केला होता. रोज एका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस पाठवावयाचा. त्या मोबदल्यात बाकीच्यांनी सुखाने नांदावयाचे. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले होते, त्याच्यावर पाळी आली. नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला जाऊ द्या. धाकटा मुलगा, अजून बोबडे बोलणारा, हातात गवताची काडी घेऊन म्हणतो की हिनेच मी त्या राक्षसाला मारीन. आईबापांना रडता रडता हसू येते. महाभारतात इतके कोवळे प्रसंग फार थोडे आहेत.

परंतु या साऱ्या रडण्यात एक गोष्ट राहून जाते. त्या दोन रेड्यांसाठी कोणी रडत नाही. माणूस वाचावा म्हणून कुंती आपला मुलगा पाठवते. रेडे वाचावेत असे कोणाच्या मनातही येत नाही. ते अन्नाच्या गाड्याचाच एक भाग समजले जातात. मी ही कथा शाळेत कित्येक वर्षे शिकविली, आणि एकाही मुलाने मला विचारले नाही की, गुरुजी, त्या दोन रेड्यांचे काय झाले?

हा प्रश्न मला अलीकडे सतावू लागला तो एका फारच लहान प्राण्यामुळे. माझी नात नागपूरला प्राणिशास्त्र शिकते. यंदा पावसाळ्यात ती चार दिवस घरी आली तेव्हा तिने सूक्ष्मदर्शक बरोबर आणला होता. एका तळ्यातले बाटलीभर पाणी आणून तिने त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, आपल्या वर्ध्याच्या कापसाचे दोन-तीन तंतू त्यात पसरले आणि मला म्हणाली, ‘‘आजोबा, या, बघा.’’

मी पाहिले. तंतूंच्या मधोमध एक प्राणी अडकला होता. त्याला शास्त्रात डॅफ्निया म्हणतात. साध्या भाषेत पाण्यातली पिसू. पण पिसवांशी त्याचे नाते नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला. त्याची लांबी एखाद-दोन मिलिमीटर, फार तर पाच. डोके टोकदार, त्यावर एकच काळा डोळा. अंग मात्र काचेसारखे पारदर्शक. पोटात गेलेले हिरवे शेवाळ दिसत होते, पाठीकडच्या पिशवीत वाढणारी पिले दिसत होती आणि त्या पिशवीच्या वरच्या अंगाला त्याचे हृदय धडधडत होते. होय, हृदयच. मिनिटाला दोनशे-तीनशे ठोके सहज पडतात, असे नात म्हणाली. इतके ठोके तोंडाने मोजता येत नाहीत म्हणून विद्यार्थी कागदावर पेन्सिलीने ठोक्यागणिक ठिपका मारीत जातात आणि मग ठिपके मोजतात. तिने मला तसे करून दाखविले. पेन्सिलीचा टकटक आवाज आणि त्या जिवाचे हृदय बराच वेळ एका तालात चालले होते.

‘‘याचा उपयोग काय?’’ मी विचारले.

‘‘औषधाचा परिणाम पाहता येतो, आजोबा. पाण्यात कॉफीचा अंश टाकला, दारूचा टाकला, तर हृदय कसे वागते ते चिरफाड न करता दिसते. परदेशात तर गांजातली द्रव्येही अशा लहान जिवांवर तपासतात.’’

गांजा म्हटल्यावर मी सावरून बसलो. आपल्याकडे भांग महाशिवरात्रीला घेतात, गांजा बैराग्यांच्या चिलमीत असतो आणि खेड्यातला प्रत्येक म्हातारा त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगू शकतो. वर्धा जिल्हा पूर्वी ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतातल्या खांडव्याच्या बाजूला सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. तेव्हा ही वनस्पती आपल्याला परकी नाही. तिच्यासाठी प्राणी वापरण्याची रीतही परदेशातून आजच आलेली नाही. तिचा आरंभ याच देशात झाला आहे.

विल्यम ओशॉनेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवीत असे. १८३९ साली त्याने गांजावर एक विस्तृत निबंध वाचला. माणसाला औषध देण्यापूर्वी त्याने ते अनेक प्राण्यांना देऊन पाहिले होते. कुत्री, मांजरे, डुकरे, गिधाडे, कावळे आणि मासेसुद्धा त्या यादीत आहेत. मांसाहारी प्राणी आणि मासे लवकर झिंगतात. घोडा, हरीण, बकरी, गाय अशा चरणाऱ्यांवर परिणाम अगदी थोडा होतो, असे त्याने नोंदविले. म्हणजे पाण्यातल्या जिवाला गांजा देऊन त्याच्याकडे पाहत बसण्याची गोष्ट जवळजवळ दोन शतकांची जुनी आहे. पुढे १८९३-९४ साली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. तेव्हाही कलकत्त्यात माकडाला गांजाचा धूर देऊन प्रयोग करण्यात आला.

ओशॉनेसीच्या त्याच लिखाणात चाळीस दिवसांच्या एका मुलीची हकीकत आहे. तिला सारखे आचके येत होते आणि कोणताही उपाय लागू पडेना. त्याने गांजाच्या अर्काचे थेंब दिले आणि मूल वाचले. ही हकीकत वाचली की निकाल देण्याची घाई करणारे मन जरा थबकते.

मधल्या काळात शास्त्र पुष्कळ पुढे गेले. १९६४ साली इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी गांजातले नशा आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. त्याच वनस्पतीतले दुसरे द्रव्य सीबीडी. ते नशा आणीत नाही. १९८८ साली कळले की आपल्या मेंदूत या द्रव्यांसाठी जणू कुलुपे आहेत. द्रव्य किल्लीसारखे त्यांत बसते. मग प्रश्न आला की, देहाने ही कुलुपे गांजासाठी थोडीच बसविली असतील? १९९२ साली देहाची स्वतःची एक किल्ली सापडली. शोध जेरुसलेमचा, पण तिला नाव दिले ते आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून: आनंदामाइड. आणि २०१८ साली अमेरिकेत सीबीडीचे औषध लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर मान्य झाले. चाळीस दिवसांच्या त्या मुलीपासून इथवरच्या वाटेवर माणसे जितकी आहेत त्याहून कितीतरी अधिक उंदीर, ससे आणि मासे आहेत.

आता कोणी म्हणेल की, कुत्र्याचे आणि माकडाचे आम्ही समजू शकतो, पण पाण्यातल्या पिसवेचे काय एवढे? पाऊल ठेवले तर हजार मरतात. दिवाळीच्या पणतीवर एका रात्रीत किती किडे जळतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवतो काय?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण त्यातून एक विलक्षण गोष्ट निघते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, त्यातून तो जन्मला. त्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या आहे: मनुष्य सोडून कोणताही सजीव प्राणी. म्हणजे ही पिसूही त्यात आली. पण तोच कायदा पुढे सांगतो की, ससे, बेडूक, उंदीर यांसारख्या लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. हेतू दयेचा आहे यात शंका नाही. परंतु परिणाम काय होतो ते पाहा. माकडाची पाळी कुत्र्यावर, कुत्र्याची सशावर, सशाची बेडकावर, बेडकाची माशावर आणि माशाची पिसवेवर येते. एकचक्रेतल्या करारासारखीच ही पाळी घरोघर फिरते. फरक एवढाच की इथे ती नेहमी उतरणीनेच जाते आणि शेवटी अशा घरी येऊन थांबते की जिथून रडण्याचा आवाज ऐकू येत नाही.

युरोपातल्या कायद्यात तर याचा दिवसही ठरलेला आहे. झेब्रा मासा नावाचा बोटाएवढा पट्टेरी मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तो मूळचा आपल्याच नद्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे अंडे पारदर्शक असते आणि पहिला दिवस सरता सरता आतल्या गर्भाचे हृदय हलू लागलेले दिसते. युरोपच्या नियमाप्रमाणे पिलू स्वतः खाऊ लागले म्हणजे ते प्राणी म्हणून मोजावयाचे, आणि या माशाच्या बाबतीत तो साधारण पाचवा दिवस धरतात. चौथ्या दिवशी धडधडणारे हृदय नोंदवहीत असते, कायद्यात नसते.

मला रेषेची तक्रार करावयाची नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण रेषा ही आपल्या सोयीची आहे, त्या जिवाच्या स्वभावाची नव्हे, एवढे भान असावे. पिसवेला वेदना होते का, याचे खात्रीचे उत्तर विज्ञानाजवळ आज नाही. तिला आपल्यासारखा मेंदू नाही, तेव्हा आपल्यासारखे दुःखही तिला नसेल असे मानावयास जागा आहे. परंतु ‘होत नसेल’ आणि ‘होत नाही’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात आपण वागावयाचे कसे हाच खरा नीतीचा प्रश्न आहे.

याच्या उलट दुसरे टोक म्हणजे कोणत्याही जिवाला अशा कामासाठी हातच लावावयाचा नाही. केळझरहून सेवाग्राम फार दूर नाही. १९३६ पासून तिथे राहिलेल्या महात्म्याचा जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीला कडवा विरोध होता, हे सर्वश्रुत आहे. पण याच महात्म्याने १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला सुई देऊन मारावयास लावले आणि साऱ्या देशाचा रोष ओढवून घेतला. ‘मारू नये’ हे वाक्य पाठ असणे निराळे आणि समोरच्या जिवाचे दुःख पाहून निर्णय घेणे निराळे, हे त्याला ठाऊक होते. त्याच सेवाग्रामात आज कस्तुरबा रुग्णालय आहे. आमच्या भागातली आई फिट येणारे मूल कडेवर घेऊन तिथे धावते. डॉक्टर जे औषध देतात ते प्राण्यांवर तपासल्यावाचून माणसापर्यंत आलेले नसते. त्या आईला मी काय सांगू? की हे औषध परत कर, कारण त्यामागे उंदीर मेले आहेत? ते सांगावयाची माझी छाती नाही, आणि तसे सांगणे धर्म आहे असेही मला वाटत नाही.

मग भीमाचा मार्ग उरतो. पाळी दुसऱ्याची असता स्वतः जाणे. वैद्यकाच्या इतिहासात असे भीम झाले आहेत. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली लस माणसांपैकी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तो दिवस १० जानेवारी १८९७. परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे ते योग्यच आहे. परंतु त्याआधी ती लस सशांना टोचलेली होती. भीमाच्याही गाड्याला रेडे होतेच. शिवाय ज्या प्रश्नांसाठी आज झेब्रा माशाची अंडी वापरतात तिथे भीमाला जाताच येत नाही. गर्भारपणात आईने गांजा घेतला तर पोटातल्या जिवाचे काय होते, हे कोणता धाडसी माणूस स्वतःवर तपासणार? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली झेब्रा माशाच्या अंड्यांना पहिल्याच दिवशी काही तास टीएचसी व सीबीडीच्या पाण्यात ठेवले. पुढे त्या पिलांच्या हृदयाचे ठोके मंद आणि शरीरे आखूड आढळली. एखाद्या तरुण आईला सावध करावयास ही माहिती उपयोगी पडू शकते. ती क्षुद्र खासच नाही.

तेव्हा ‘कधीच नको’ हे मला पटत नाही आणि ‘एवढ्याशा जिवाचे काय’ हेही पटत नाही. मधली वाट कोणती, ते मला नातीच्या पुढच्या बोलण्यातून उमगले. तत्त्वज्ञान सांगावे अशा भावनेने ती बोलत नव्हती. तिच्या अभ्यासातली अडचण सांगत होती.

ती म्हणाली, ‘‘आजोबा, गांजातली ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. ती आधी दारूत किंवा तशाच एखाद्या द्रवात विरघळवावी लागतात. आता दारूनेच हृदय मंद होते. मग मंद झाले ते गांजाने की दारूने, हे कसे ओळखणार? म्हणून काही पिसवांना नुसती तेवढीच दारू द्यावी लागते, काहींना नुसते पाणी. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने थेंब तापला तरी ठोके वाढतात, म्हणून पाण्याची उष्णता सारखी ठेवावी लागते. हे केले नाही तर सगळे ठिपके फुकट.’’

‘‘आणि पिसवा?’’

ती थांबली. मग म्हणाली, ‘‘त्याही फुकट.’’

माझ्या मते सारा धर्म या शब्दात आहे. ढिसाळ प्रयोग ही केवळ शास्त्रातली चूक नव्हे. ती हिंसा आहे, कारण तिथे जीव घेतला जातो आणि त्याच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही. ज्याचे उत्तर आधीच पुस्तकात आहे असा प्रश्न केवळ पद्धत म्हणून पुन्हा जिवंत प्राण्याला विचारणे हीसुद्धा हिंसा आहे. आणि मिळाले त्यापेक्षा अधिक मिळाले असे सांगणे ही तिसरी हिंसा. माणसाने गांजा ओढला की थोड्याच वेळात त्याची नाडी जलद होते. माशाच्या पिलात ठोके मंद झाले. अंड्यातल्या गर्भाला दिलेले द्रव्य आणि मोठ्या माणसाने ओढलेला धूर यांची गोष्ट एक नव्हे. पिसवेचे हृदय तर तिच्या आपल्या घडणीचे. तिचे रक्त नळ्यांत बांधलेले नाही, मोकळे फिरते. तेव्हा लहान हृदय काही सांगते, पण सगळे सांगत नाही. जे तिने सांगितलेच नाही ते तिच्या नावावर खपविणे म्हणजे मेलेल्याची खोटी साक्ष काढणे होय.

रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज लेखकांनी १९५९ साली या विषयावर तीन साधे नियम घालून दिले आणि ते आज जगभर मान्य आहेत. प्राण्यावाचून भागत असेल तर प्राणी घेऊ नका. घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्या. आणि जे घ्याल त्यांना त्रास कमीत कमी होईल अशी रीत शोधा. आपला १९६० चा कायदाही म्हणतो की, जिथे पुस्तके, नमुने आणि चित्रपट यांनी शिकविता येते तिथे शिक्षणासाठी प्राणी वापरणे टाळावे. हे सारे ऐकले की मला आमच्याकडची खांदशेकणी आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातला शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो. जू त्याच खांद्यावर असते आणि पोळा झाल्यावर पुन्हा तिथेच येणार असते. कोणी म्हणेल हे ढोंग आहे. मला तसे वाटत नाही. नांगर चालविल्यावाचून पोट भरत नाही हे खरे. पण तो कोणाच्या खांद्यावर चालतो हे ज्याला ठाऊक आहे तो शेतकरी विनाकारण तास काढीत नाही आणि दमलेल्या बैलाला पराणी टोचीत नाही. हळद-तुपाने बैलाची जखम भरते तितकीच धन्याची नजर ताळ्यावर येते.

पिसवेचा खांदा चोळता येत नाही. तिच्यासाठी आपण करू शकतो ते एवढेच: प्रश्न खरा आहे की नाही हे आधी स्वतःला विचारावे, प्रयोग काटेकोर करावा, मोजलेले खरे लिहावे, किती जीव लागले तेही लिहावे आणि एकदा मिळालेले उत्तर असे जपावे की ते पुन्हा विचारावे लागू नये. नातीच्या वहीत ठोक्यांच्या रकान्याशेजारी मी सुचविल्यावरून आणखी एक रकाना आला आहे. त्यात ती लिहिते, किती घेतले आणि किती पाण्यात परत सोडले. त्या दिवशीची नोंद होती, घेतले सहा, सोडले सहा.

एकचक्रानगरीचा दोष मला वाटतो तो असा. तिथले लोक क्रूर नव्हते. पाळी आली की ते रडत होते, शेजारी सांत्वनाला येत असतील. पण करार अंगवळणी पडला होता. गाडा भरावयाचा, रेडे जुंपावयाचे, माणूस बसवावयाचा. हे का चालले आहे आणि असेच चालले पाहिजे काय, हे विचारावयास बाहेरून आलेली एक विधवा आई लागली. तिने विचारले म्हणून माणसांची पाळी थांबली. रेड्यांविषयी तिनेही विचारले नाही; तो प्रश्न आपल्यासाठी शिल्लक राहिला.

दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने करतो. सणाचा पहिला दिवा घरातल्या माणसापुढे नव्हे तर गोठ्यात लावावा, असे ज्यांनी ठरविले त्यांना दोन रेड्यांचा प्रश्न थोडा तरी सुचला असावा. फराळाच्या वेळी घरातल्या मुलांना बकासुराची गोष्ट सांगा. भीमाने त्याला कसा मारला ते रंगवून सांगा. आणि शेवटी त्यांना विचारा, गाड्याला जुंपलेल्या त्या दोघांचे काय झाले असेल? मुले काय उत्तर देतील ते मला सांगता येणार नाही. पण ज्या मुलाला हा प्रश्न एकदा पडला, त्याच्या हाती पुढे कधी सूक्ष्मदर्शक आला, तर तो ठिपके जपून मारील.